मालवणची पोवळी, ड्रेजर आणि कोल्हापूरचं सर्किट बेंच

रंकाळाकाठ

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं पीठ, आपल्या कोल्हापुरात बसतंय. सांगली, सातारा, सोलापूरचे पक्षकार आता इथं येणार हे सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्याच यादीत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही आहेत, त्याबद्दल आपल्याकडं कुणी फारसं बोलत नाही. मालवणच्या समुद्रात किंवा खाडीत बेकायदा उपसा निघाला आणि कुणी उच्च न्यायालयाचं दार ठोठावायचं म्हटलं, तर तो माणूस मुंबईला न जाता फोंड्याचा नाहीतर गगनबावड्याचा घाट चढून आपल्या शहरात येणार. म्हणून हा धागा.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पोवळी आहेत. लक्षद्वीपसारखी मैलोन्‌मैल पसरलेली नाहीत, खडकाला धरून तुकड्यातुकड्यानं वाढलेली आहेत. पोरायटीसचे गोळे, टर्बिनारियाच्या थाळ्या, गोनिओपोरा, फेविटीस, अशा पोवळ्यांच्या जाती. आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँकेचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. ते तर बहुतेक कोल्हापूरकरांनी ऐकलेलंही नसतं.

आपण सुट्टी पडली की तारकर्लीला पळतो. किल्ल्याजवळ मास्क लावून पाण्यात तोंड घालतो, फोटो काढतो आणि माघारी येतो. मागच्या खेपेला मी टर्बिनारियाची एक मोठी थाळी अगदी जवळून बघितली. कडेनं जिवंत, तपकिरी. मधल्या खोलगट भागात पिठासारखा बारीक गाळ साचलेला, आणि त्या गाळाच्या कडेला बोटभर रुंदीची पांढरी पट्टी. तिथला जीव मेला होता. हा गाळ कुठून आला ते मला माहीत नाही, पण गाळ पोवळ्याला कसा मारतो ते डोळ्यांनी दिसलं.

माझं म्हणणं असं, की ड्रेजर, म्हणजे तळाचा गाळ उपसणारं मशीन, पाण्यात उतरतो तोवर पोवळ्यांचा निकाल कागदावर लागून गेलेला असतो. अहवालात पोवळी किती दाखवली, उपसलेला गाळ कुठं टाकणार, पाणी किती गढूळ झालं की मशीन बंद करायचं, हे सगळं आधी ठरतं. त्या वेळी समुद्राकाठची माणसं एकटी पडतात. कोल्हापुरात वकील आहेत, विद्यापीठ आहे, उद्यमनगरचे कारखाने आहेत. आपण काय करू शकतो ते लिहा.

पंचगंगेचा

कळकळ समजली. पण आपली पंचगंगा उन्हाळ्यात फेसाळते, मेलेल्या माशांचा खच पडतो, शिरोळ तालुक्यातली माणसं तेच पाणी वापरतात. आधी घरचं बघूया की. शिवाय पंचगंगा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. आपल्या नदीतला कणभर गाळ मालवणला पोचत नाही.

रंकाळाकाठ

दादा, पंचगंगेसाठी ज्यांनी पाण्याचे नमुने घेतले, अर्ज केले, न्यायालयात खेटे घातले त्यांच्याकडूनच तर शिकायचंय. तीच माणसं दोन्हीकडं उपयोगी पडतील. आणि गाळ जात नसला तरी वाळू येते. नदीची वाळू बंद झाल्यावर कोकणातल्या खाड्यांची वाळू घाट चढून वर येते, हे कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. ती उपसायला खाडीत सक्शन पंप लागतात तेव्हा त्यात आपल्या स्लॅबचाही वाटा असतो.

प्राणिशास्त्र_शिकवते

गाळ मारतो म्हणजे नेमकं काय होतं ते थोडं सांगते, कारण पुढं जनसुनावणीत बोलायचं झालं तर हे माहीत असायला हवं.

पोवळं हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि पोवळ्याच्या पोटापाण्याचा मोठा वाटा तिथूनच येतो. ड्रेजिंगनं पाणी गढूळ झालं की उजेड कमी पडतो, ही पहिली उपासमार. दुसरं, वरून गाळ पडत राहतो. पोवळं अंगातून चिकट स्राव सोडून तो गाळ ढकलून देतं, पण त्याला ताकद खर्चावी लागते. रोज थोडा पडला तर झाडून टाकतं. आठवडेच्या आठवडे सतत पडला तर हरतं. तिसरं म्हणजे पिल्लं. पोवळ्याची अळी पाण्यात तरंगत येते आणि स्वच्छ कठीण खडक सापडला तरच चिकटते. खडकावर गाळाचा थर असेल तर बसतच नाही. म्हणजे जुनी मेली नाहीत तरी नवी येत नाहीत. हे नुकसान पहिल्या वर्षी दिसत नाही, म्हणून अहवालात 'परिणाम नगण्य' असं लिहिणं सोपं जातं.

गाळात सगळ्यात वाईट ती बारीक माती. वाळू लवकर तळाला बसते. माती प्रवाहाबरोबर लांबवर जाते, भरती-ओहोटीनं पुन्हा पुन्हा उठते. काही ड्रेजर उपसलेला माल पोटात भरतात आणि वरचं गढूळ पाणी तिथंच सोडून देतात, म्हणजे टाकायची जागा लांब असली तरी उपशाच्या जागी ढग उठतोच.

कट्ट्यावरचा

ताई, एक शंका. मालवणचं पाणी पावसाळ्यात चहासारखं असतं. तिथली पोवळी गढूळ पाण्याला सरावलेली आहेत असं एका डायव्हिंगवाल्यानं सांगितलं. मग ड्रेजिंगनं एवढं काय बिघडणार?

प्राणिशास्त्र_शिकवते

हा मुद्दा कंपनीचे सल्लागारही मांडतील, त्यामुळं उत्तर तयार ठेवा. पोरायटीस आणि टर्बिनारिया हे फांद्यांच्या नाजूक पोवळ्यांपेक्षा गाळ जास्त सोसतात, हे खरं आहे. पण सोसतात कारण पावसाळ्यानंतर त्यांना स्वच्छ पाण्याचे महिने मिळतात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती भरपाई करतात. ड्रेजरही नेमका त्याच महिन्यांत चालतो, कारण पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात तो चालवता येत नाही. म्हणजे विश्रांतीचे महिनेच काढून घेतले जातात. त्यात एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं. १५ एप्रिल २०२४ ला अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची, म्हणजे तापलेल्या पाण्यानं पोवळी पांढरी पडण्याची, घोषणा केली, त्या वर्षी लक्षद्वीपची पोवळीही पांढरी पडली. तापानं खंगलेल्यावर गाळ टाकला तर ते सोसणं वेगळं आणि धडधाकट असताना सोसणं वेगळं.

रापण_मालवण

मी मालवणचो, घरात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढूचा मोठा जाळा. सगळ्यांका कळाक होया म्हणून पुढचा साध्या मराठीत लिहितंय.

तुम्ही लोक आमच्या समुद्राबद्दल विचार करताय, बरं वाटलं. पण काही गोष्टी आधी ऐका. १९८७ ला अभयारण्य जाहीर झालं तेव्हा आमच्या वाडवडिलांना कुणी धड विचारलं नाही. मासेमारी बंद होणार या भीतीनं गावंच्या गावं विरोधात उभी राहिली. तो राग अजून पुरता गेलेला नाही. तेव्हा वरून कुणी 'पोवळी वाचवा' म्हणत आलं की माणसं आधी जाळी आवरून घेतात. पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे मोठ्या जाळ्यानं अख्खा थवा घेरणाऱ्या यांत्रिक बोटवाल्यांशी, आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, तेव्हा कुठं २०१६ साली सरकारनं त्यांच्यावर निर्बंध आणले. त्या लढ्यात घाटावरचं कोण आमच्या शेजारी उभं होतं?

दुसरं, सगळा गाळ काढणं वाईट असं आमचं म्हणणं नाही. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला की ओहोटीला होडी अडकते. लाट आडवी बसली की उलटते, माणसं गेलेली आहेत. ते तोंड मोकळं करा म्हणून आम्हीच मागणी करतो. भांडण आहे ते काढलेला गाळ कुठं टाकतात, कधी काढतात आणि 'तोंड मोकळं करतो' म्हणून आत किती खोल जातात यावर. खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, गाळ बसला की तिथला मासा जातो. तांबोशी, शेवंड, सगळं खडपाला धरून असतं. आमच्यासाठी पोवळं म्हणजे मासा घरी असण्याची जागा.

आणि तिसरं, किल्ल्याजवळ पर्यटकांच्या होड्या नांगर टाकतात तो थेट पोवळ्यावर. एक नांगर ओढला गेला की ताटाएवढा तुकडा निखळतो. ते तुमच्यासाठीच येतात. होडीवाल्याला 'नांगर टाकू नको, बोयाला (तरंगत्या पिंपाला) बांध' एवढं तुम्ही म्हटलंत तरी फरक पडेल. गिऱ्हाईकाचं तो ऐकतो, आमचं ऐकत नाही.

रंकाळाकाठ

दादा, मनापासून आभार. यापुढं या धाग्यावर जे ठरेल ते तुमच्या रापणीच्या लोकांना विचारल्याशिवाय पुढं जाणार नाही. खाडीचं तोंड मोकळं करण्याला आपला विरोध नाही हेही पक्कं धरूया, नाहीतर पहिल्याच सभेत फूट पडेल.

खलाशी_परदेशी

मूळचा कागलचा, बरीच वर्षं जहाजावर आहे. लोकांनी ड्रेजरला अडवल्याची आणि न अडवता आल्याची उदाहरणं देतो.

मायामी. २०१३ ते २०१५ या काळात बंदराचा मार्ग खोल केला. नुकसान मार्गाच्या अगदी कडेला थोडंफार होईल असं धरून देखरेख ठेवली होती. नंतर २०१९ साली छापून आलेल्या अभ्यासात मार्गापासून ५०० मीटरच्या आतच ५ लाख ६० हजारांहून जास्त पोवळी मेल्याचा हिशेब निघाला. त्याच काळात पाणी तापलं होतं आणि पोवळ्यांचा एक रोगही पसरला होता, त्यामुळं 'आमच्यामुळं नाही, रोगानं मेली' असं म्हणायला जागा राहिली. स्थानिक संघटना २०१४ मध्ये कोर्टात गेल्या, पण तोवर मशीन चालू होतं.

केनियातलं लामू. बंदराच्या ड्रेजिंगनं प्रवाळ आणि मासेमारीच्या जागा गेल्या म्हणून मच्छीमार कोर्टात गेले. २०१८ साली सुमारे ४,६०० मच्छीमारांना १.७६ अब्ज शिलिंग भरपाई द्या असा आदेश झाला. मोठा विजय आहे, पण भरपाईनं पोवळं उगवत नाही.

आता केमन बेटं. जॉर्जटाउनला क्रूझ जहाजांसाठी धक्का बांधायचा होता, त्यासाठी खाडीतले प्रवाळ उपसले जाणार होते. तिथल्या कायद्यात एक कलम आहे, की नोंदणीकृत मतदारांपैकी पाव लोकांनी सही केली तर सार्वमत घ्यावं लागतं. साध्या माणसांनी दारोदार, बाजारात, चर्चबाहेर उभं राहून सह्या गोळा केल्या आणि २०१९ मध्ये तो आकडा ओलांडला. प्रकरण कोर्टात गेलं, मतदान लांबलं आणि २०२० मध्ये सरकारनं योजनाच सोडून दिली. एप्रिल २०२५ मध्ये तोच प्रश्न पुन्हा मतपेटीत आला तेव्हाही लोकांनी नाहीच म्हटलं. यात मला आवडलं ते हे, की त्यांनी ड्रेजर यायच्या आधी काम केलं.

ऑस्ट्रेलियात ॲबट पॉइंट बंदराचा ३० लाख घनमीटर गाळ ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानाच्या हद्दीत टाकायला जानेवारी २०१४ ला परवानगी मिळाली होती. देशभर एवढा आवाज उठला की २०१५ मध्ये नव्या बांधकामाचा गाळ तिथं टाकायलाच बंदी आली. नेहमीच्या देखभालीचा गाळ मात्र अजून टाकता येतो, ती फट राहिलीच.

पंचगंगेचा

सह्यांचं पटलं. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी अख्खं कोल्हापूर रस्त्यावर आलं होतं, ते आठवलं. पण आपल्याकडं असलं सार्वमताचं कलम नाही. मग दार कुठलं?

वकिली_भवानीमंडप

कायद्याचं मी सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं संरक्षण पोवळ्यांना स्वतःलाच आहे. २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर वाघाच्या पंक्तीत. दुसरं, किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत प्रवाळाची जागा सगळ्यात कडक वर्गात, सीआरझेड-१ए मध्ये येते. म्हणून कुठल्याही अहवालात सगळ्यात पहिली धडपड असते ती 'या जागी पोवळी नाहीत' किंवा 'विरळ आहेत' असं दाखवण्याची. आपल्याकडं आधीची नोंद असेल तर ते खोडता येतं, नसेल तर नाही.

पर्यावरण मंजुरी लागणारं बंदराचं मोठं काम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणी होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, सुनावणीचं चित्रीकरण होतं. तिथं घोषणा दिल्या तर इतिवृत्तात 'काही लोकांनी विरोध केला' एवढंच येतं. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराच्या जनसुनावणीत मच्छीमारांनी आपलं म्हणणं मांडलं, तरी ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. म्हणून लेखी हरकत द्या, पोच घ्या, प्रत्येक मुद्द्याला आकडा जोडा. नुसतं 'पोवळी मरतील' असं लिहू नका. 'पान अमुक वर पाण्याचा गढूळपणा एकाच ऋतूत मोजलाय, बाराही महिन्यांची नोंद नाही' असं लिहा. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

मेख इथं आहे. देखभालीचं ड्रेजिंग मूळ मंजुरीत धरलेलं असेल तर त्याला पुन्हा नवी मंजुरी लागत नाही. म्हणजे मूळ सुनावणीत कुणी बोललं नाही तर पुढं वर्षानुवर्षं गाळ निघत राहतो आणि कुणाला विचारावं लागत नाही.

मंजुरी मिळाल्यावर आव्हान द्यायचं असेल तर ते राष्ट्रीय हरित लवादाकडं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडं, आपल्यासाठी पुण्याचं पीठ. मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर पुढं ६० दिवस वाढवून मिळू शकते, त्यानंतर दार बंद. सर्किट बेंचकडं कधी यायचं? परवानगी नसताना उपसा चाललाय, तक्रारी करूनही अधिकारी हलत नाहीत, अशा वेळी रिट याचिका. तेव्हा रंकाळाकाठ म्हणतात ते बरोबर आहे, पण बेंचवर भार टाकून लवादाची मुदत घालवू नका. किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर येतात. दर महिन्याला कुणीतरी ती वाचायची, एवढं एक काम जरी या धाग्यानं उचललं तरी फार झालं.

कट्ट्यावरचा

ते वाचायचं काम मी घेतो. ऑफिसात दिवसभर असलेच कागद वाचतो.

सानेगुरुजी_वसाहत

मला एक कळत नाही. पोवळी उचलून दुसरीकडं नेऊन लावता येतात ना? मुंबईत किनारी रस्त्याच्या वेळी तसं केलं होतं. मग एवढा विरोध कशाला?

प्राणिशास्त्र_शिकवते

केलं होतं. २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची पोवळी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवली. पण त्या मोजक्या वसाहती होत्या, एकेक उचलून लावता आल्या. ग्रेट निकोबारच्या बंदरासाठी १६,१५० वसाहती हलवायचं आराखड्यात आहे. एवढ्या प्रमाणावर हलवल्यावर दहा वर्षांनी त्यातल्या किती जगल्या ते कोण मोजणार? शिवाय हलतं ते पोवळं. त्याच्या फटीतला खेकडा, त्यावर चरणारा मासा, खडकाला चिकटलेली अळी, ही मागंच राहतात. जुना वड दुसरीकडं लावला तरी त्याची सावली तिथं लगेच मिळत नाही. मी स्थलांतराच्या विरोधात नाही, पण ते शेवटचा उपाय म्हणून. पहिल्या पानावरच 'पोवळी हलवू' असं लिहिलं असेल तर बाकीचे पर्याय तपासलेच नाहीत असं समजा.

उद्यमनगर_लेथ

वकीलसाहेबांनी आकडा म्हटलं म्हणून लिहितो. पाण्याचा गढूळपणा मोजायला ती काळी-पांढरी चकती असते, सेक्कीची चकती म्हणतात. २० सेंटिमीटर व्यास. चार पाव भाग करायचे, समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे. खाली वजन, वर न ताणणारी दोरी, दर अर्ध्या मीटरला खूण. पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहायची, वर ओढताना परत दिसली की ती खोली लिहायची, दोन्हींची सरासरी.

आमच्याकडं स्टीलच्या पत्र्याचे तुकडे पडून असतात. तीन मिलिमीटरचा पत्रा कापून, मध्ये हुक लावून देतो. खाऱ्या पाण्यात टिकायचं म्हणून स्टेनलेसच घेतो, रंगही तसलाच लागेल. पैसे नकोत. किती लागतील ते सांगा.

प्राणिशास्त्र_शिकवते

ही चकती साधी आहे, पण नोंद सलग असली तर तिचं मोल फार. ड्रेजर यायच्या आधीचं एक अख्खं वर्ष हातात असेल तर 'पाणी आधीपासूनच गढूळ होतं' असं कुणाला म्हणता येणार नाही. नियम पाळा: सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, होडीच्या सावलीच्या बाजूनं, गॉगल न लावता, जमेल तोवर त्याच माणसानं. माझे विद्यार्थी आधी रंकाळ्यावर हात बसवतील, मग मालवणला येतील.

रापण_मालवण

चकती होडीवरून सोडायला कुणाची हरकत नाही. पण तळाला काही रोवू नका, पोवळ्याला हात लावू नका, तुकडा तर अजिबात उचलू नका. अभयारण्यात त्याला वनखात्याची परवानगी लागते आणि ती नसेल तर आमच्याच पोरांवर केस होईल. आधी मालवणच्या कार्यालयात पत्र द्या, आमच्या संस्थेचं पत्र त्याला जोडू.

आमच्याकडून दोन होड्या मिळतील, पण रापण ओढायच्या वेळा सोडून.

रंकाळाकाठ

ठरलं मग. उद्यमनगर दादा, सहा चकत्या करा, चार मालवणला आणि दोन सरावाला. वकीलसाहेब, पत्राचा मसुदा तुम्ही टाका, रापणदादा तपासतील. कट्ट्यावरचा इतिवृत्तं बघतील आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतलं ड्रेजिंग, जेट्टी, बंदर असं काही दिसलं की इथं लगेच लिहितील, कारण ३० दिवस कधी सरतात कळत नाही.

नोंदवहीत रकाने कुठले ठेवायचे? तारीख, वेळ, जागा, चकती दिसेनाशी झाली ती खोली, परत दिसली ती खोली. अजून काही?

रापण_मालवण

भरती की ओहोटी ते लिहा, आणि वारा कुठला. आमच्याकडं ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर येतं तेव्हा किल्ल्याच्या बाजूला तसंही गढूळ होतं. ते लिहिलं नाहीत तर कंपनीचा माणूस तिथंच बोट ठेवेल. आणि तिथीही टाका, उधाणाचं पाणी कुठल्या दिवशीचं ते त्यावरून आम्हाला लगेच कळतं.